रविवारी पाळी, सोमवारी सुट्टी: मग मंडळीत जायचं कसं, आणि कशासाठी?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत काम करणाऱ्या, तिशीतल्या एका बंधूंनी विचारलं आहे: "आमची सुट्टी सोमवारी. रविवारी पाळी असते, त्यामुळे चर्चला जाणं होतं ते नाताळात आणि उत्तम शुक्रवारी. घरी बायबल वाचतो, प्रार्थना करतो, यूट्यूबवर चांगले उपदेश ऐकतो. खरं सांगायचं तर चर्चच्या पंचांच्या निवडणुकीतली भांडणं बघून मनही उडालंय. आई गावाकडून दर आठवड्याला फोनवर विचारते, 'चर्चला गेलतास का?' चर्चला न जाणारा माणूस ख्रिस्ती राहत नाही का? देव तर घरीही आहे ना?"

सलाम बंधू,

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमचा आणि आईंचा वाद तिथंच अडलेला दिसतो. तारण कृपेनं, विश्वासाच्या द्वारे मिळतं. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौलानं हे इतकं स्पष्ट लिहिलंय की तिथं हजेरीपटाला जागाच उरत नाही. वधस्तंभावरचा तो पश्चात्तापी चोर एकाही उपासनेला न बसता येशूबरोबर सुखलोकात गेला. तेव्हा रविवारी सकाळी तुम्ही भट्टीपाशी उभे असता, म्हणून तुमचा बाप्तिस्मा पुसला जात नाही. लोकांना नरकाची भीती घालून बाकं भरणं मला कधीच पटलं नाही, आणि जे पाळक तसं करतात त्यांना मी तोंडावर तसं सांगतो.

मात्र आई विचारतात त्यामागची काळजीही मला कळते. मुलगा शहरात, लेकरं लहान, घर भाड्याचं. उद्या काही झालं तर दाराशी कोण येईल, हे त्यांना त्या एका प्रश्नातून जाणून घ्यायचं असतं. पाळक म्हणून कोल्हापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत माझं आयुष्य गेलं. या प्रश्नाचं उत्तर मी लोकांच्या घरात बसून पाहिलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रविवारच्या पाळीचं आधी बघू. रविवार म्हणजे सुट्टी, असं आपण जन्मापासून धरून चालतो, पण सुरुवातीच्या मंडळ्यांना, म्हणजे एकत्र जमणाऱ्या ख्रिस्ती समुदायांना, ही सोय नव्हती. रोमी सम्राट कॉन्स्टंटाइननं रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला तो सन 321 मध्ये. त्याआधी जवळजवळ 300 वर्षं रविवार हा इतर दिवसांसारखाच कामाचा दिवस होता. मंडळीत दास होते, दासी होत्या, मजूर होते. मालकाला 'आज आमची उपासना आहे' असं सांगायची त्यांची टाप नव्हती. सन 112 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातल्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी यानं सम्राट त्राजानला पाठवलेलं पत्र आजही उपलब्ध आहे. हे ख्रिस्ती लोक काय करतात, याची त्यानं कसून चौकशी केली होती. मंडळीत सेविका असलेल्या दोन दासींचा छळ करून त्यानं माहिती काढली. हाती काय लागलं? ठरलेल्या दिवशी ते उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात, चोरी, व्यभिचार, विश्वासघात करणार नाही अशी शपथ घेतात, मग पांगतात आणि नंतर पुन्हा जेवायला एकत्र येतात.

उजाडण्यापूर्वी का? दिवसा पकडले जाण्याची भीती असेलच. पण दिवस उजाडला की कामावर हजर व्हावं लागायचं, हेही त्यात आलंच. तुमची आणि त्यांची अडचण फार वेगळी नाही. आपल्याकडेही मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती 1890 साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे. त्याआधी गिरणीत राबणाऱ्या ख्रिस्ती माणसालाही रविवार मोकळा नव्हता.

म्हणजे अमुक एक वार हा काही विश्वासाचा कणा नव्हे. रविवार आपल्याला प्रिय, कारण त्या दिवशी प्रभू उठला. पण कॅथलिक बंधुभगिनींना रविवारऐवजी शनिवारी संध्याकाळचा मिस्सा चालतो, अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाचे लोक शनिवारीच जमतात, आणि दिवस पाळण्यावरून एकमेकांना दोष देऊ नका असं पौलानं रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात बजावलंय. 'रविवारी येता येत नाही' हे कारण मी मान्य करतो. 'म्हणून मी कुणातच जमत नाही' हे मात्र मान्य करत नाही, कारण त्या दासींनी ते कारण स्वतःला चालवून घेतलं नव्हतं.

आता यूट्यूबचं. तिथले काही उपदेशक माझ्यापेक्षा निश्चितच चांगले बोलतात. मार्च 2020 मध्ये सगळं बंद झालं तेव्हा आम्हीही मोबाइलवरूनच उपासना चालवली, आणि त्या काळात ती देवाची मोठी देणगी होती. नोव्हेंबर 2020 मध्ये महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली, तेव्हा मी घरोघर जाऊन विचारलं की या महिन्यांत तुम्हाला सगळ्यात जास्त काय चुकल्यासारखं वाटलं. उपदेश असं कुणीच म्हणालं नाही. एका आजींना सगळ्यांबरोबर मोठ्यानं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला मिळालं नव्हतं. एका तरुणाला प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घेतलेली भाकर आणि द्राक्षारस. एक बाई म्हणाल्या, 'साहेब, माझा मुलगा कसा आहे म्हणून विचारणारं कुणी उरलं नव्हतं.' त्यांचा मुलगा दारूत गेलेला. दर रविवारी भक्ती सुटली की पायरीवर दोघी-तिघी त्यांना बाजूला घेऊन विचारायच्या. मोबाइलवर उपदेश पोचला. पायरीवरचं ते विचारणं पोचलं नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2, वचन 42 उघडून बघा. पहिले शिष्य चार गोष्टींना चिकटून होते: प्रेषितांचं शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना. यातलं शिक्षण तेवढं तुम्हाला मोबाइलवर मिळतं, प्रार्थना तुम्ही घरी करता. बाकीच्या दोन गोष्टींना समोर माणसं लागतात. तुम्ही कोल्हापूरचे आहात, तेव्हा तालमीचं उदाहरण देतो. जोर-बैठका माणूस घरच्या घरीही मारू शकतो, शरीर कमावू शकतो. पण कुस्ती यायला हवी असेल तर तांबड्या मातीत उतरावं लागतं, जोडीदार लागतो, आणि 'पाय चुकला' म्हणून ओरडणारे वस्ताद लागतात. एकट्यानं वाचलेलं बायबल आपण नकळत आपल्या सोयीनं वाचतो. क्षमेचं वचन आलं की डोळ्यांसमोर आपल्याला दुखावणारा येतो, आपण दुखावलेला येत नाही. मंडळीत मात्र तो दोन बाकं सोडून बसलेला असतो.

इब्री लोकांस पत्रातलं वचन (10:24-25) बहुतेक पाळक 'एकत्र मिळणं सोडू नका' एवढंच सांगून थांबतात. त्याच्या आधीचं अर्धं वचनही वाचा: प्रीती आणि सत्कर्मं करायला उत्तेजन यावं म्हणून एकमेकांकडे लक्ष द्या. म्हणजे जमायचं ते एकमेकांसाठी. तुमच्या पत्रात 'मला काय मिळतं' याचा हिशेब आहे. तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही, सगळेच तो करतात. पण तुमच्या न येण्यानं मंडळीतल्या कुणाचं तरी काही राहून जातं, तो हिशेब तुम्ही अजून मांडलेला नाही. माझं सगळं म्हणणं त्या बाजूचं आहे.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका गावातल्या मंडळीत एका गृहस्थांची पत्नी अचानक वारली. पदरी दोन मुलं. ते यायचे, मागच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसायचे, पण तोंड उघडत नसत. भजन नाही, मतांगीकार (सगळ्यांनी मिळून म्हणायची विश्वासाची कबुली) नाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा नाही. पंचांपैकी एक जण मला म्हणाले, 'यांना काहीतरी सांगा.' मी सांगितलं नाही. त्यांच्या शेजारी एक ट्रॅक्टरचालक बसायचा. जेमतेम शिकलेला, सुरात गाताही येत नसे, पण आवाज पहाडी. त्याला मी एवढंच म्हटलं की तुमची बसायची जागा बदलू नका. बरेच महिने गेले. एका रविवारी कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं भजन चाललं होतं आणि ते गृहस्थ ओठ हलवू लागले. पुढं त्यांनीच मला सांगितलं: 'माझा विश्वास उरला नव्हता. शेजारी हा ओरडून म्हणायचा, मला वाटायचं, माझ्या वाटचंही हाच म्हणतोय.' त्या ट्रॅक्टरवाल्याला आपण काही केलं हे आजही ठाऊक नसेल. त्यानं फक्त रविवार चुकवला नाही. उसाचा हंगाम ऐन भरात असताना, रात्रभर कारखान्यावर खेपा करूनसुद्धा चुकवला नाही.

नियमितपणाचं महत्त्व मला त्या मागच्या भिंतीपाशी कळलं. कधीमधी येणारा माणूस कितीही चांगला असला, तरी त्याच्या भरवशावर दुसऱ्याला बसता येत नाही.

शिवाय कोल्हापुरातल्या मराठी मंडळ्या लहान आहेत. 1852 साली अमेरिकन मिशनरी वायल्डर दांपत्य इथं आलं, तेव्हापासूनचा हा इतिहास. ज्या पहिल्या लोकांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतल्या अनेकांना भावकी तुटली, पाणवठा तुटला, सोयरीक तुटली. मंडळी हीच त्यांची भावकी झाली. मयतीला खांदा द्यायला, मुलीच्या लग्नात वाढायला, बाळंतिणीला डिंकाचे लाडू पोचवायला तीच माणसं. 2019 च्या महापुरात शिरोळकडच्या कुटुंबांना कुणाच्या घरात आसरा मिळाला, कुणाची धान्याची पोती कुणी वरच्या मजल्यावर चढवली, हे तुमच्या आईंना विचारा. अशा वेळी कुणाला फोन करायचा, हे त्याआधीच्या कित्येक रविवारी ठरलेलं असतं.

आता भांडणांकडे येतो. तुमचं मन उडालं त्याचं कारण खरं आहे, ते मी झाकणार नाही. निवडणुकीत गट पडतात, मालमत्तेवरून भाऊ भाऊ कोर्टात जातात, प्रभुभोजनाच्या रविवारी एकमेकांकडे पाठ करून बसतात. हे पाप आहे आणि त्याची लाज आम्हा पाळकांना सगळ्यात जास्त वाटायला हवी. पण नवा करार अशा मंडळ्यांनीच भरलेला आहे. करिंथ इथली मंडळी बघा. तेही कोर्टात गेले होते. प्रभुभोजनाच्या वेळी तर श्रीमंत आधी येऊन खाऊनपिऊन तर्र व्हायचे आणि मागून येणारे उपाशी राहायचे. मागून येणारे कोण असतील? ज्यांचा दिवस दुसऱ्याच्या ताब्यात होता ते, राबणारे. म्हणजे तुमच्यासारखेच, पाळी संपवून येणारे. पौल त्या मंडळीवर किती संतापलाय ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11 व्या अध्यायात वाचा. तरीही तो उपाशी राहिलेल्यांना 'तुम्ही घरीच देवाचं नाव घ्या' असं सांगत नाही. जे आधी येऊन बसलेत त्यांना तो सांगतो: एकमेकांसाठी थांबा.

हे वाक्य आम्हा पंच-पाळकांना उद्देशून आहे. रविवारी सकाळच्या भक्तीला तुम्ही येऊ शकत नसाल, तर मंडळीनं तुमच्यासाठी थांबायला हवं. सन 155 च्या सुमारास रोममध्ये जस्टिन नावाच्या विद्वानानं रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहून ठेवलंय. शास्त्रपाठ, उपदेश, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस. त्यानंतर जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक भाकर घेऊन जात, आणि जमलेलं अर्पण अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परके यांच्यासाठी वापरलं जाई. गैरहजर माणूस तेव्हा मंडळीच्या नजरेतून सुटत नसे. तुमच्याकडे इतक्या महिन्यांत कुणी आलं नसेल, तर ती चूक तुमच्या मंडळीची आहे, आणि हे मी तुमच्या पाळकांसमोरही म्हणेन.

स्वतः येशूचंही बघा. दर शब्बाथी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या शनिवारी, सभास्थानात जाणं हा त्याचा परिपाठ होता, असं लूकनं 4 थ्या अध्यायात लिहिलंय. त्याच नासरेथच्या सभास्थानातली माणसं त्या दिवशी उठून त्याला कड्यावरून लोटून द्यायला निघाली. तुमच्या-माझ्या मंडळीत इतकं काही झालेलं नाही. लगेच पुढच्या ओळींत तो कफर्णहूमात शब्बाथ दिवशी लोकांना शिकवताना दिसतो.

यात एक गोष्ट वेगळी काढतो. पाळकानं किंवा पुढाऱ्यानं कुणाच्या शरीराशी, लेकराशी, पैशाशी गैरवर्तन केलं असेल, तर तिथं टिकून राहा असं मी कधीच सांगणार नाही. तक्रार करा, पोलिसांत जायची वेळ आली तर जा, आणि दुसऱ्या मंडळीत बसा. तसंच 'इतकं अर्पण द्या, इतका आजार बरा होईल' असा सौदा करणाऱ्यांच्या सभेला गर्दी कितीही असो, तिथं जाण्यापेक्षा 12 माणसांची साधी मंडळी बरी. पण निवडणुकीत आपला माणूस पडला किंवा कुणी टोमणा मारला, एवढ्यावरून मंडळी सोडू नये. पंचांची निवडणूक बिघडते ती चांगली माणसं तुमच्यासारखी घरी बसतात म्हणूनही.

तुमच्या लेकरांबद्दल तुम्ही काहीच विचारलेलं नाही, पण मला ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांना प्रार्थना घरी शिकवता येते. मात्र आपल्या बापापेक्षा वेगळी माणसं, कुणी रिक्षावाले काका, कुणी नर्स मावशी, कुणी दुकानदार, याच देवाला हाक मारतात हे मुलांना डोळ्यांनी दिसावं लागतं. शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या शाळेत) सुवर्णवचन पाठ करून सगळ्यांसमोर म्हणताना अडखळणारं पोर, आणि पुढच्या बाकावरून हळूच पुढचा शब्द सुचवणाऱ्या आजी. उपकारस्मरणाच्या भक्तीला आलेला ऊस, भुईमुगाच्या शेंगा, पाय बांधलेली कोंबडी, आणि भक्ती सुटल्यावर त्यांच्या लिलावात बोली वाढवत चाललेले लोक. नारळ पाचपट किमतीला का घेतला, असं पोरानं विचारलं की अर्पण म्हणजे काय ते सांगायला उपदेश लागत नाही. ज्या घरातला बाप वर्षातून दोनदाच येतो, त्या घरातली मुलं सोळा-सतराव्या वर्षी येणं बंद करतात. अपवाद असतात, पण फार थोडे.

आता करायचं काय ते सांगतो.

पहिलं, तुमच्या पाळ्यांचा तक्ता पाळकांना आणि एका पंचांना पाठवा. आम्हाला खरंच माहीत नसतं. बऱ्याचदा आम्ही धरून चालतो की माणूस रुसलाय, आणि माणूस धरून चालतो की आम्हाला फिकीर नाही.

दुसरं, सोमवार तुमचा मोकळा आहे तर सोमवारी संध्याकाळची घरगुती प्रार्थना मागून घ्या. तुमच्याच कारखान्यात, शेजारच्या शेडमध्ये, गोकुळ शिरगावला सोमवारची सुट्टी असलेले आणखी दोन-चार ख्रिस्ती सापडतील. आमच्याकडे अशी प्रार्थना आधी गुरुवारी होती. पाळीवाल्यांनी मागणी केली म्हणून ती सोमवारी हलवली आणि मग इतर लोकही येऊ लागले. घरी घ्यायची म्हणून थाट नको. पोहे-चहासुद्धा नको, नाहीतर पुढच्या घराला ओझं वाटतं. एक भजन, एक अध्याय, प्रत्येकाचा एक प्रार्थनेचा विषय, एक तास. दोघं-तिघं जमले तरी तो मध्ये असतो, हे प्रभूचं वचन अशा छोट्या जमावासाठी अगदी खरं आहे.

तिसरं, आपल्याकडे बहुतेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. तेवढ्या एका रविवारी पाळी बदलून मिळते का, हे सुपरवायझरना विचारा. बदल्यात दिवाळीत किंवा गणपतीत तुम्ही सहकाऱ्याची पाळी घ्या. कोल्हापूरची माणसं असल्या देवघेवीला सहसा नाही म्हणत नाहीत. दुसरी पाळी असेल तेव्हा सकाळच्या भक्तीला येऊन थेट कामावर जाता येतं; अंगावर कारखान्याचा गणवेश असला तरी कुणी काही बोलणार नाही, आणि बोललंच तर मला सांगा. तिसऱ्या पाळीवरून आलात तर झोप येईल, येऊ द्या. त्रोवसात पौलाचं भाषण लांबलं तेव्हा युतुख नावाचा तरुण झोपेनं खिडकीतून खाली पडला होता, त्याला मंडळीनं रागावून हाकललं नाही. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, आणि मग सगळ्यांनी मिळून भाकर मोडली.

चौथं, नुसतं येऊन बसू नका, एखादं काम अंगावर घ्या. सतरंज्या घालणं, माइक बघणं, म्हाताऱ्यांना गाडीवरून आणणं. ज्याच्याकडे काम असतं त्याची वाट पाहिली जाते. फाउंड्रीतला माणूस हातानं कुशल असतो; आमच्या कितीतरी चर्चची दारं, खिडक्या, घंटा अशाच माणसांनी नीट केल्या आहेत.

यूट्यूब चालू ठेवा, बायबल वाचन तर सोडूच नका. त्यात जे आवडलं ते सोमवारच्या प्रार्थनेत सांगा, कुणाला तरी त्याची गरज असेल.

शेवटी एक सूचना. ज्या पंचांमुळे तुमचं मन उडालं, त्यांच्याकडे आधी जाऊन या. मत्तयाच्या 5 व्या अध्यायात प्रभूनं क्रम सांगितलाय: आधी भावाशी समेट, मग वेदीवरचं दान. समेट झाला नाही तरी तुमच्या बाजूनं जाणं झालेलं असू द्या. एकट्यानं जायचं जड जात असेल तर मला कळवा. येत्या सोमवारी संध्याकाळी मी मोकळा आहे, दोघं मिळून जाऊ.